कॅमेरा काढण्याआधी : जागा कोणाची, ऊन कुठून?

लग्नसराई तोंडावर आली की वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. नाशिकमध्ये फोटोसाठी चांगली बाग कोणती? उद्यानात कॅमेरा काढला की रक्षक का हटकतो? पैसे मागितले तर द्यायचे का? गंगापूर धरणावर ड्रोन उडवला तर चालेल का? कुणाला प्री-वेडिंग करायचं असतं, कुणाला बाळाचा पहिला वाढदिवस, तर कुणाला हातातल्या फोनवर चार बरे फोटो हवे असतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकच असतो. आपण सगळे आधी जागेच्या सौंदर्याकडे पाहतो. खरं तर त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : ही जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि तिथे ऊन कोणत्या वेळी कुठून येतं. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून परवानगी ठरते, दुसऱ्यावरून फोटो. शहरात सुंदर कोपरे भरपूर आहेत, त्यांची काळजी शेवटी केली तरी चालते.

आधी ठरवा : तुम्ही ‘फोटो काढताय’ की ‘शूट करताय’?

रक्षक ज्या रेषेवर अडवतो ती हीच. कुटुंबासोबत बागेत गेलात, फोनवर किंवा गळ्यातल्या कॅमेऱ्यावर फोटो काढलेत, तर सहसा कुणी विचारत नाही. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट सोबत असली, तर तुमचं काम ‘शूट’ समजलं जाईल हे गृहीत धरा :

- ट्रायपॉड, लाइट, छत्री, रिफ्लेक्टर
- कपडे बदलण्याची तयारी किंवा मेकअपची बॅग
- पैसे घेऊन काम करणारा छायाचित्रकार
- फुगे, कमानी, धुराच्या कांड्या, सजावटीचं सामान
- ड्रोन, कितीही लहान असो

यावर ‘आम्ही फक्त पाचच मिनिटं’ हे उत्तर उपयोगाचं नाही. रक्षकाला नियम बदलण्याचा अधिकार नसतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या आठवड्यात एक अर्ज देणं सोपं पडतं.

कोणती जागा कोणाची

*महापालिकेची उद्यानं.* गंगापूर रोडचं प्रमोद महाजन उद्यान, सीबीएसजवळचं शिवाजी उद्यान, कॉलन्यांमधल्या लहान बागा आणि गोदापार्कचे पट्टे महापालिकेकडे येतात. परवानगीसाठी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातल्या उद्यान विभागाकडे जा. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. तुमची बाग ज्या विभागात आहे तिथेही चौकशी करता येते. काही बागांची देखभाल ठेकेदाराकडे असते. अशा ठिकाणी ठेकेदाराचा माणूस तोंडी ‘हो’ म्हणाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

*पांडवलेणी.* मुंबई-आग्रा महामार्गालगतची त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. तिकीट काढून हातातल्या कॅमेऱ्याने फोटो घेता येतात. ट्रायपॉड, लाइट आणि व्यावसायिक चित्रीकरणासाठी मात्र विभागाची लेखी परवानगी लागते. साडी आणि शेरवानी घालून आलेल्या जोडप्याला बहुधा पायथ्यालाच थांबवतात, आणि त्यात रक्षकांचं काही चुकत नाही.

*पायथ्याचा परिसर.* लेण्यांच्या खाली दादासाहेब फाळके स्मारक आहे, ते महापालिकेचं. त्याच डोंगराच्या कुशीतलं नेहरू वनोद्यान मात्र वनखात्याच्या अखत्यारीतलं. दोन्हींचं तिकीट वेगळं, नियम वेगळे. एकाची पावती दुसऱ्या दारात चालत नाही, आणि नेमकी इथेच बऱ्याच जणांची फसगत होते.

*अभयारण्य.* नांदूरमध्यमेश्वर हे वन्यजीव विभागाकडे आहे, त्याबद्दल पुढे.

*खासगी बागा आणि वाइनरी.* इथे मालकाचा शब्द अंतिम. गंगापूर-सावरगाव परिसरातल्या वाइनरींमध्ये पाहुणा म्हणून फोटो काढणं आणि तिथे शूट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शूटचा दर आणि वेळ ईमेलवर लिहून मागवा.

अर्जात काय लिहाल

साध्या कागदावरचा अर्ज चालतो, वकिली भाषा नको. उद्यान अधीक्षकांच्या नावे एवढं लिहा :

1. उद्यानाचं नाव, तारीख, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत
2. माणसं किती, साहित्य कोणतं (ट्रायपॉड असेल तर तसं स्पष्ट लिहा)
3. हेतू : घरगुती, लग्नाचा, जाहिरातीचा की माहितीपटाचा
4. सजावट करणार असाल तर काय, आणि ती कोण उचलणार
5. जबाबदार व्यक्तीचं नाव व फोन

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावक विभागाचा शिक्का घेऊन पोच ठेवा. मंजुरी आली की तिची प्रत त्या दिवशी खिशात असू द्या, फोनमधला फोटो पुरेसा समजू नका. शुल्क भरलं तर पावती मागा. पावती न देता पैसे मागणाऱ्याला ‘पावती द्या, लगेच भरतो’ एवढंच शांतपणे सांगायचं. बऱ्याचदा मागणी तिथेच विरते.

दर कुठेच लावलेला दिसत नसेल, तर माहिती अधिकारात ‘अमुक उद्यानात छायाचित्रणासाठी लागू असलेल्या शुल्काच्या ठरावाची प्रत’ मागता येते. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर हा मार्ग कामाचा नाही. दरवर्षी शूट करणाऱ्या छायाचित्रकारांनी मात्र एकदा हे करून ठेवावं.

ऊन कुठून येतं

नाशिक भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने अर्धा तास उशिराच चालतो. डोक्यावर येतो तोही साडेबाराच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत तो सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये सहाच्या थोडा आधी वर येतो, आणि संध्याकाळचा उजेड सव्वासातपर्यंत टिकतो (ढग नसतील तर!). सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास यांच्याभोवती सगळं आखा. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. फोटोच्या दृष्टीने त्यात तुमचं काही नुकसान नाही.

*गोदापार्क.* गंगापूर रोडच्या बाजूला नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. पुलावर उभे राहिलात तर सूर्य सकाळी प्रवाह जातो त्या अंगाला असतो आणि संध्याकाळी प्रवाह येतो त्या अंगाला. पाण्यावरची सोनेरी झाक हवी असेल तर त्याप्रमाणे तोंड करा. एक अडचण सांगायला हवी. उन्हाळ्याच्या तोंडावर पात्रात पाणवेली पसरतात आणि ‘नदीकाठचा फोटो’ हिरव्या कुरणाचा होऊन बसतो. जाण्याआधी एक फेरी मारा. गेल्या वर्षीच्या फोटोंवर विसंबून तारीख घेऊ नका.

*रामकुंड आणि घाट.* इथे नदी वळण घेऊन दक्षिणेकडे वाहते आणि पंचवटी तिच्या पूर्व काठावर येते. म्हणून पश्चिम काठावरून सकाळी फोटो घेतलात, तर नारोशंकराच्या मंदिरामागून ऊन येतं आणि देवळं काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. तुम्हाला तेच हवं असेल तर उत्तम. दगडी कोरीवकाम दिसायला हवं असेल तर दुपारी चारनंतर त्याच जागी या. हे मंदिर १७४७ चं, आणि त्याच्या दगडावर तिरपं ऊन पडलं की बारकावे उठून दिसतात. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी मोकळी पायरी मिळणार नाही, पण माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी बुधवारच निवडावा.

*पांडवलेणी.* लेण्यांचं तोंड साधारण उत्तरेकडे आहे. त्यामुळे वर्षातला बराच काळ दर्शनी खांबांवर थेट ऊन पडत नाही. पुष्कळ लोक त्यामुळे नाराज होतात. खरं तर तो फायदा आहे, कारण सावलीतल्या सपाट उजेडात कोरीवकाम स्वच्छ येतं आणि चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. फक्त आकाश चौकटीत घेऊ नका, नाहीतर एक तर ते पांढरं फटफटीत होईल किंवा लेणी काळी पडतील. लेणं क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. अक्षरांचा फोटो घ्यायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवून बाजूने घ्या, आणि भिंतीला हात लावू नका.

*झाडांखाली.* बागेत सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते इथेच. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे डोळ्यांना छान वाटतात, कॅमेरा मात्र चेहऱ्यावर पांढरे डाग टिपतो. माणसाला झाडाच्या अगदी आत नव्हे, तर सावलीच्या कडेला उभं करा आणि त्याचं तोंड उघड्या आकाशाकडे ठेवा. हिरवळीवर बसवलं की पांढऱ्या कपड्यांवर आणि हनुवटीखाली हिरवट छटा येते. अशा वेळी खाली फिकट चादर अंथरा. कपड्यांत हिरवा टाळलेला बरा. हळदी, मरून, निळा हे रंग बागेत उठून दिसतात.

महिन्याप्रमाणे काय मिळतं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात, पण ते शहराच्या बागांपेक्षा कडेच्या डोंगरांवर. बहावा एप्रिल-मे महिन्यांत, गुलमोहर मे महिन्यात, आणि आपलं राज्यपुष्प ताम्हणही त्याच सुमारास. पावसाळ्यात सगळं शहरच हिरवं होतं, मात्र चिखल आणि डास यांची तयारी ठेवा. ऑक्टोबरची उघडीप हा माझ्या मते नाशिकचा सर्वांत चांगला काळ : धूळ नाही, हिरवळ शिल्लक, आकाशात ढगही असतात. सगळे डिसेंबरच्या तारखा धरून बसतात, हे मला कधी समजलेलं नाही.

द्राक्षबागेत जायचंय? आधी छाटणी विचारा

बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, नाशिक म्हणजे बारा महिने लटकलेले घड. तसं नसतं. एप्रिलमध्ये खरडछाटणी होते तेव्हा वेली बोडक्या असतात. मग फुटवा येतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. घड भरतात ते जानेवारी ते मार्च. त्यातही निर्यातीच्या बागांमध्ये थंडीत घड कागदात गुंडाळलेले असतात. म्हणजे मांडवाखाली तुम्हाला द्राक्षं नव्हे, वर्तमानपत्रं दिसतील. घड उघडे हवे असतील तर शेतकऱ्याला फोनवर तेवढंच विचारा.

शेतकऱ्याच्या बागेत जाताना :

- फवारणी कधी झाली ते विचारा. ताज्या फवारणीत मुलांना नेऊ नका, आणि घड तोडून तोंडात टाकायचा मोह आवरा.
- एका बागेतून दुसरीत जाताना चपला-बूट झटकून, शक्य तर धुऊन जा. रोग माणसांबरोबर फिरतो.
- मांडवाची तार धरून लोंबकळायचं नाही. त्या तारेवर सगळ्या बागेचा भार असतो.
- घडांना हात लावू नका. मण्यांवरची पांढुरकी लव पुसली गेली की बाजारातला भाव पडतो.
- मोबदला आधी ठरवा. शेतकरी संकोचाने ‘राहू द्या’ म्हणतो म्हणून फुकट जाऊ नका. त्याचा अर्धा दिवस मोडतो.

रस्त्याकडेच्या बागेत न विचारता शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं. तिथे ‘फक्त फोटोच काढतोय’ ही सबब चालत नाही.

पक्षी आणि पाणी

नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर. गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, त्यामागच्या गाळात पाणथळ तयार झाली, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरली. हिवाळ्यात सकाळी लवकर चापडगावच्या बाजूला पोहोचा. प्रवेश आणि कॅमेरा यांचं शुल्क दारात भरा, गावातल्या तरुण गाईडला सोबत घ्या. कोणता पक्षी आज कुठे बसलाय हे त्यालाच ठाऊक असतं.

निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या थंडीतून कॅमेरा एकदम गाडीतल्या गरम हवेत नेला की भिंगावर दव धरतं, त्याला दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या. फोनवर पक्ष्याचा फोटो येईल अशी आशा धरू नका. फोनने धुकं, होड्या आणि काठ टिपा, ते छान येतात. पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं आणि घरट्याजवळ जाणं टाळा. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि तिथे पक्ष्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. प्री-वेडिंगसाठी ही जागा नाही. रंगीत धुराच्या कांड्या घेऊन येणाऱ्यांना तर मुळीच नाही.

गंगापूर धरणाच्या पाण्यामागे, त्र्यंबकच्या डोंगररांगेच्या दिशेला, सूर्य मावळतो. बोट क्लबच्या बाजूने तो छान दिसतो. धरणाची भिंत मात्र प्रतिबंधित आहे, तिथे ‘एक क्लिक’ही नको. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळचे खडक ओले आणि निसरडे असतात. वरून विसर्ग वाढला की पाणी पाहता पाहता चढतं. विसर्गाचे क्युसेकचे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात, निघण्याआधी ते पाहा. पूर आला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे पाहायला सगळं नाशिक पुलावर जमतं. तो फोटो पुलावरूनच घ्यायचा, पायऱ्यांवर उतरून नव्हे.

ड्रोन : नाशिकमध्ये जास्त जपून

आपल्या शहराभोवती लष्करी आणि सरकारी महत्त्वाच्या जागा दाटीने आहेत : देवळालीचा तोफखाना, गांधीनगरची लष्करी हवाई प्रशिक्षण शाळा, नाशिकरोडचे दोन्ही प्रेस, ओझरचा विमान कारखाना आणि हवाई दल. रामशेजजवळच्या बोरगडाचा माथाही हवाई दलाकडे आहे. त्यामुळे इतर शहरांत चालून जाणारी गोष्ट इथे अंगाशी येऊ शकते.

- ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलं आहे. डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात आहे ते उडवण्याआधी पाहा.
- हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.
- २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण लाल क्षेत्राची बंदी त्यालाही आहे. ‘खेळण्याचा आहे’ हे उत्तर पोलिस ऐकत नाहीत.
- शहरात पोलिस आयुक्तालयाचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. नकाशा हिरवा असला तरी त्या दिवशी असा आदेश नाही ना, हे स्थानिक ठाण्यात विचारा.
- ड्रोनवाला छायाचित्रकार ठरवताना नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर ड्रोन घरी ठेवायला सांगा.

या जागांच्या भिंती, फाटक, फलक जमिनीवरूनही टिपू नका. ‘छायाचित्रणास मनाई’ हा फलक दिसला की कॅमेरा बॅगेत.

तुमचे हक्क आणि दुसऱ्यांचे

सार्वजनिक रस्त्यावर किंवा बागेत स्वतःसाठी फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. त्या जागेचे नियम मात्र लागू होतात. रक्षक तुम्हाला थांबायला किंवा बाहेर जायला सांगू शकतो. तुमचा फोन हिसकावण्याचा किंवा फोटो जबरदस्तीने पुसायला लावण्याचा अधिकार त्याला नाही. तशी वेळ आली तर वरिष्ठांना बोलवा, वाद वाढवू नका. पोलिसांनी फोन जप्त केला तर जप्तीचा पंचनामा मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणं आवश्यक आहे.

आता दुसरी बाजू. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला आणि दशक्रियेला आलेली कुटुंबं असतात, स्नान करणाऱ्या बायका असतात. त्यांचे फोटो काढू नका. स्त्रीच्या खासगीपणाचा भंग केल्यास भारतीय न्याय संहितेची कलमं ७७ आणि ७९ लागू शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या दुःखाची पार्श्वभूमी करून नवरा-नवरीने पोज द्यावी, हे मला तरी पटत नाही. अनोळखी मुलांचा फोटो घ्यायचा तर आईवडिलांना विचारा. बागेतल्या माळीकाकांचा, फुलवालीचा जवळून फोटो घेतलात तर तो त्यांना दाखवा, जमलं तर पाठवा.

आणि फोटो कोणाचे? छायाचित्रकार व ग्राहक यांच्यात नेहमी इथे ठिणगी पडते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन तुम्ही फोटो काढून घेतलेत तर वेगळा करार नसल्यास पहिले मालक तुम्ही. म्हणून छायाचित्रकाराने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी वाचा : त्यात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असं लिहिलेलं असतं का? आपल्या लग्नाचे फोटो जाहिरातीत नको असतील तर तेही कागदावर घ्या. किती फोटो मिळणार, कधी मिळणार, पावसाने शूट रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय, हे तीन मुद्दे लिहून घेतलेले नसले की नंतर फार मनस्ताप होतो.

सिंहस्थाच्या काळात

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, आणि अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. घाट, पूल आणि तपोवन परिसरात कामं आणि बंदोबस्त राहणार. या काळातल्या शूटसाठी नदीकाठ हा एकमेव पर्याय ठेवू नका. करारात ‘अ’ जागा मिळाली नाही तर ‘ब’ जागा, असं नाव घालून लिहा, आणि ती ‘ब’ जागा दुसऱ्या कार्यालयाच्या ताब्यातली असू द्या. म्हणजे एकीकडे बंदी आली तरी दुसरीकडचं काम अडणार नाही.